खडखडाटातलं गुपित

आमच्या वरच्या मजल्यावरचे कल्लाप्पाण्णा रोज सकाळी रिकामा मिक्सर लावतात.

राजारामपुरीत आम्ही राहायला आलो तेव्हा मला वाटलं, चटणी वाटत असतील. पण रोज उठून एवढी चटणी खाणार कोण? घरात माणूस एक. एकदा बायको विरजण मागायला वर गेली आणि खाली येऊन म्हणाली, "अहो, भांड्यात काहीच नाही. मिक्सर नुसता फिरतोय. दार सताड उघडं आहे आणि अण्णा दाराकडं तोंड करून पेपर वाचतायत."

मी धीर करून विचारलं. अण्णा म्हणाले, "जलम इचलकरंजीत मागापाशी गेला, जाधवसाहेब. खडखडाट नसला तर वाचल्यालं डोक्यात शिरत न्हाय बगा."

हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं, पण ते सगळ्या जिन्यानं ऐकलं. अण्णांचा आवाजच तसा आहे. इचलकरंजीच्या एका मागाच्या कारखान्यात ते दिवाणजी होते. म्हणजे सूत किती आलं, कापड किती निघालं, कोण कामावर आलं, कोण लग्नाला पळालं, हे सगळं बघणारा माणूस. कामावरून मोकळे झाले तरी त्यांचं तिकडं जाणं सुटलं नाही. सकाळी मिक्सर बंद झाला की कापडी पिशवी घेऊन ते एसटीनं इचलकरंजीला जात आणि कारखान्याच्या ऑफिसात, काचेच्या खिडकीशी, जुन्या खुर्चीवर बसत. मालक भला. तो म्हणायचा, "अण्णा नसले की माग पण रुसल्यासारखं करत्यात."

मागाच्या कारखान्यात कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठ वाचायला शिकतात. या टोकाचा विणकर त्या टोकाच्या विणकराला तंबाखू मागतो, सासुरवाडीची तक्रार सांगतो, आणि आवाज मुळीच काढत नाही. ही विद्या अण्णा घरीसुद्धा घेऊन आले होते आणि त्यामुळं आमच्या गल्लीत कुणाचंच काही झाकलं राहत नसे.

माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट. चहापोहे झाले. मुलाची आई आणि वडील बाल्कनीत उभे राहून हलक्या आवाजात बोलत होते. आम्ही आत श्वास रोखून. तेवढ्यात समोरच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या अण्णांनी रस्त्यावरूनच हाक दिली, "ओ पावणं, पोहं खारट न्हाईत. मी सकाळी खाल्ल्यात. तुमी लोणचं लई घेतलासा."

बाई दचकून आत आल्या. मुलाचे वडील मात्र इतके हसले की लग्न तिथंच ठरलं. तरीही पुढं बरेच दिवस मला वाटत राहिलं की यात चूक माझीच. मीच त्यांना बाल्कनीत उभं राहायला सांगितलं होतं. माझा स्वभाव असाच आहे. इमारतीत पाणी आलं नाही तरी मला आधी वाटतं, आपण काय केलं?

अण्णांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माणसानं तोंड दाखवून बोलावं." कुणी जिन्यात मागून काही बोललं तर ते वळूनही बघत नसत. मिक्सर जरा उशिरा लावा, असं मी एकदा त्यांच्या पाठीमागून, अगदी अदबीनं म्हणालो होतो. ते सरळ वर निघून गेले. मला वाटलं, मोठा मानी माणूस. माघारी बोललेलं मोजत नाही. कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्याला, जिथं सगळंच माघारी बोललं जातं, हे तत्त्व फार थोर वाटायचं.

फोनचंही तसंच. फोन उचलायचे, "सगळं बरं हाय. तुमचं पण बरं असंल. ठेवतो," म्हणायचे आणि ठेवायचे. समोरच्यानं कोण बोलतंय हे सांगायच्या आत. आम्ही म्हणायचो, ट्रंककॉलच्या दिवसांतली सवय.

अण्णांची मुलगी गिरिजा शाळेत असतानाच त्यांची बायको गेली. गिरिजा एकुलती एक. तिला त्यांनी एकट्यानं वाढवलं, इंजिनिअर केलं आणि ती लग्न होऊन जर्मनीला गेली. जाताना तिनं वडिलांना आपला लॅपटॉप दिला, वर कॅमेरा बसवला, घरात इंटरनेट घेतलं, आणि दर रविवारी दुपारी पडद्यावर दिसायचं कबूल केलं. फोनवर दोन वाक्यांच्या पुढं न जाणारा हा माणूस रविवारी त्या पडद्यासमोर तास-दीड तास बसू लागला. शेजारी मोठ्यानं टीव्ही चालू. बाप-लेकीचं काय बोलणं व्हायचं ते बाकीच्यांना कळायचं नाही, पण अण्णांची उत्तरं सगळ्या गल्लीला कळायची. "भाकरी जमंना? पाणी कडकडीत घे की. व्हय. आता दाखव. कॅमेऱ्याजवळ धर. ही भाकरी हाय व्हय गं? मला पापड वाटला."

तो लॅपटॉप ते पिशवीत घालून कारखान्यातही न्यायचे, विणकरांना गिरिजाचे फोटो दाखवायला. तिथं मालकाचे मेहुणे त्यावर पत्त्यांचा खेळ खेळायला लागले. अण्णांना ते खपेना. मी एकदा त्यांच्याबरोबर चादरी घ्यायला इचलकरंजीला गेलो होतो. तेव्हा ते म्हणाले, "जाधवसाहेब, ह्याला कुलूप लावा."

आता माझी चूक ऐका. साधं कुलूप लावलं असतं तर चाललं असतं. पण कुठल्याशा मासिकात मी वाचलं होतं की विंडोजचा पासवर्ड कुणीही फोडतो. खरा पासवर्ड त्याच्याही आधीचा, मशीनच्या हाडात बसणारा. मशीन सुरू होतानाच काळ्या पडद्यावर विचारला जाणारा. मी ऐटीत तो पडदा उघडून दिला आणि सांगितलं, "अण्णा, कुणाचं नाव टाकायचं नाही, जन्मतारीख टाकायची नाही. जे तुम्ही आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, ते टाका." आणि सभ्य माणसानं करावं तसं त्यांच्याकडं पाठ करून भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभा राहिलो. काचेपलीकडं माग धडधडत होते.

अण्णांनी टाकला. मशीननं खात्रीसाठी परत विचारला, परत टाकला. संपलं.

त्यानंतर अण्णांनी लॅपटॉप कधी बंदच केला नाही. नुसतं झाकण लावायचं, उघडायचं. त्यामुळं पासवर्ड पुन्हा कधी टाकावा लागला नाही. मधे काही आठवडे गेले. गिरिजाला दिवस गेल्याचं अण्णांनी जाहीर केलं, इमारतीत पेढे वाटले. पुढं तिला मुलगी झाली तेव्हा परत वाटले. बारसं तिकडंच एका रविवारी करायचं ठरलं, आणि गिरिजानं नाव कुणालाच सांगितलं नाही. आजोबांना ते बारशालाच कळणार होतं, पडद्यावर.

आणि त्याच आठवड्यात आमच्याकडं भारनियमन वाढलं. वीज गेली ती गेलीच. लॅपटॉपची बॅटरी झाकणाखाली हळूहळू संपली आणि मशीन पूर्ण बंद पडलं. वीज आल्यावर अण्णांनी चालू केलं, तर काळा पडदा आणि मधे एक छोटी चौकट.

अण्णा लॅपटॉप तसाच उघडा धरून खाली आले. "जाधवसाहेब, हे काय मागतंय?"

"अण्णा, तुमचा पासवर्ड."

"कुठला?"

मी त्यांच्या हातातून लॅपटॉप घेतला.

आम्ही वर त्यांच्या घरी जाऊन बसलो. तीनदा चुकलं की मशीन गप्प होई. मग बंद करून पुन्हा सुरू करायचं. मी म्हणालो, "अण्णा, आठवा. कुणालाच न सांगितलेलं काय आहे तुमच्याकडं?"

अण्णांनी दार लावलं. ते दार लावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग माझ्याकडं तोंड करून, त्यांच्या मानानं हळू, म्हणाले, "ऑम्लेट."

"काय?"

"स्टँडजवळच्या गाडीवर खाल्लंतं. एकदा. आमच्यात चालत न्हाय. टाका."

टाकलं. नाही.

"सातवीत नापास झालोतो. टाका."

तेही नाही. सोसायटीच्या निवडणुकीत त्यांनी स्वतःच्याच विरुद्ध मत दिलं होतं, तेही नाही. रंकाळ्यावर एकदा चुकून दुसऱ्याची चप्पल घालून आले होते, ती अजून वापरतात, तेही नाही. त्या दिवशी अण्णांबद्दल मला इतकं काही कळलं की जिन्यात समोर आल्यावर मी खाली बघायला लागलो, आणि माझं लक्ष नेमकं त्या चपलेकडं जायला लागलं.

शेवटी ते थांबले. "आणि एक हाय," असं म्हणाले आणि मान हलवली. "पर ते न्हाय टाकलं. ते टाकायचं धाडस मला व्हायचं न्हाय."

मी झाकण लावलं.

राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्यानं मशीन उघडून आतला सेल काढून बघितला, परत बसवला. चौकट जागच्या जागी. "काका, हे कंपनीकडं पाठवायला लागंल. मदरबोर्डच बदलत्यात. रविवारपतूर? नाव काढू नका." मग मी गिरिजाला ईमेल केला आणि अण्णांना शुक्रवारी इंटरनेट कॅफेत नेऊन बसवलं. तिथं एका लाइनीवर सगळ्या खोक्यांमधली गिऱ्हाइकं. गिरिजा पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसत होती, आणि तीही गोठलेली. मधेच हलायची, पुन्हा गोठायची. हेडफोनात आवाज मात्र स्वच्छ येत होता. मी कानाला लावून बघितला. मी हेडफोन अण्णांना दिला. त्यांनी तो डोक्यावर चढवला, पडद्याकडं बघितलं आणि काढून ठेवला.

"न्हाय जमायचं."

"अहो, आवाज छान येतोय की."

"तोंड कुठं दिसतंय?" अण्णा म्हणाले. "नाव मला तिच्या तोंडून बगायचंय, साहेब. अशा तिकिटावर न्हाय."

एवढा हट्टी म्हातारा, असं माझ्या मनात आलं आणि लगेच वाटलं, हट्टी कसला, कुलूप कुणी लावलं?

शनिवारी सुट्टी होती. मी त्यांना म्हणालो, पासवर्ड जिथं टाकला तिथं जाऊन बसू, तीच खुर्ची, तोच आवाज, आठवेल कदाचित. स्कूटरवर मागं अण्णा, त्यांच्या मांडीवर लॅपटॉपची पिशवी. वाटेत मी त्यांची माफी मागितली. चांगली लांबलचक मागितली. माझ्या आगाऊपणापासून ते बाल्कनीतल्या पोह्यांपर्यंत सगळं बोललो. मागून हूं की चूं नाही. मी समजलो, अण्णा मनापासून रागावलेत.

कारखान्यात पाऊल टाकलं आणि अण्णांचा चेहरा खुलला. आवाज असा की माझ्या छातीत बडवल्यासारखं व्हायला लागलं. अण्णा मात्र चालता चालता दोन्ही बाजूंना बोलत होते. ओठ हलत होते, बोटं हलत होती, पलीकडून उत्तरं येत होती, कुणीतरी हसलं, कुणीतरी डोळा मारला. मला एक अक्षर कळत नव्हतं. त्या शेडमध्ये मुका-बहिरा मी एकटाच.

ऑफिसात बसून अण्णांनी लॅपटॉप उघडला. चौकट आली. ते तिच्याकडं बघत बसले, मी कॅलेंडरकडं. काही आठवलं नाही. काचेसमोरच्या मागावर हुसेनमामू होते. अण्णांच्याच वयाचे, त्याच मागावर जन्म काढलेले. त्यांनी तिकडूनच भुवया उडवून विचारलं, काय झालं? अण्णांनी काचेतून ओठांनीच सगळं सांगितलं. मधे माझ्याकडं बोट केलं, म्हणजे कुलूप कुणी लावलं तेही सांगितलं.

हुसेनमामूंनी माग थांबवला. आणि पोट धरून हसायला लागले. हसत हसतच ते ऑफिसात आले, दार लावलं आणि अण्णांच्या समोर उभे राहिले.

"क्या अण्णा. उस दिन तुमीच तो बोले."

"काय बोललो?"

"एक एक अक्षर दाबत होते और मूं से बोलते होते. सबकू दिसरा था. अज्जा. फिर थोडा रुके, फिर बोले, अज्जा. दो बार बोले. हमना लगा, खुशी में बोलरै."

अज्जा म्हणजे आजोबा. अण्णांच्या घरी तोच शब्द.

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा हुसेनमामूंच्या ओठांकडं बघत होते आणि त्यांचा हात हळूहळू कपाळाला गेला. पासवर्ड टाकला त्याच्या आधीच्या रविवारीच गिरिजानं पडद्यावरून त्यांना सांगितलं होतं. तिसरा महिना सरल्याशिवाय कुणाला बोलायचं नाही, असं बजावलं होतं. म्हणजे मी "कुणालाच न सांगितलेलं टाका" म्हणालो तेव्हा त्यांच्या मनात ताजं, एकच एक गुपित होतं. नंतर पेढे वाटले गेले आणि ते गुपित राहिलं नाही. म्हणून आम्ही ऑम्लेटपासून चपलेपर्यंत सगळं शोधलं, पण सगळ्या राजारामपुरीला माहीत असलेली गोष्ट आमच्या डोक्यात आली नाही.

आणि या खडखडाटात कोण ऐकतंय, म्हणून अण्णा ते तोंडानं म्हणत टाकत होते. जगात जिथं कुणालाच कानांची गरज पडत नाही, नेमकं तिथं. सभ्यपणे पाठ केलेला मी सोडून सगळ्या शेडनं तो पासवर्ड बघितला होता.

"म्हंजे तुमास्नी तवापासनं म्हाईत हुतं?" अण्णा ओरडले.

"सगळ्यांना."

"आनि मी पेढं आणलं तवा 'आं? काय सांगता?' म्हणून नाचलासा की सगळी."

"तुमी सांगनेके पैले हम कैसे बोलते? पेढं आणल्यावर मग नाचायलाच लागतंय," हुसेनमामू म्हणाले. "हम तो तबसे दुवा मांगरै थे."

"साहेब, टाका," अण्णा म्हणाले. "कुलूप तुमी लावलासा, तुमीच काढा."

मी टाकलं. एंटर दाबलं. चौकट गेली. पडदा क्षणभर काळा राहिला, आणि मग उजेड आला. गिरिजाचा फोटो, बर्फात उभी असलेली.

काचेपलीकडं सगळे बघत होते. हुसेनमामूंनी नुसते ओठ हलवले. ती बातमी एका मागावरून दुसऱ्या मागाकडं, आवाज न करता, शेडच्या टोकापर्यंत गेली, आणि टोकाकडून हात वर झाले. एकानं खांद्यावरचा टॉवेल काढून फिरवला. मालकाचे मेहुणे धावत आले, काय झालं म्हणून. अण्णांनी त्यांच्या तोंडासमोर झाकण लावलं. "काय झालं न्हाय. आता पासवर्ड बदलणार हाय. आनि ह्या बारीला भिताडाकडं तोंड करून."

परत येताना मी स्कूटर इतकी आनंदात चालवली की हातकणंगल्यापाशी खड्डा चुकवायचं विसरलो.

रविवारी अण्णांनी मला लवकर बोलावलं, मशीन लावून द्यायला. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट. टीव्ही मोठ्यानं चालू होता. शेजारी नंतर जेवायला येणार होते. गिरिजा आली, पडदाभर. मांडीवर तान्ही. अण्णा खुर्ची ओढून पुढं बसले आणि बोलणं सुरू झालं. "नाक आमच्याकडचं हाय. व्हय. रडतीया? रडू दे, फुप्फुसं मोकळी होत्यात."

टीव्हीच्या आवाजात मला गिरिजाचं काही ऐकू येईना. मी टीव्ही बारीक केला. तरी ऐकू येईना. लॅपटॉपच्या कोपऱ्यात बघितलं, तर आवाजाच्या खुणेवर फुली होती. आवाज बंद होता. मी अण्णांच्या पाठीमागून म्हणालो, "अण्णा, आवाज बंद आहे."

अण्णा हसत होते. गिरिजा काहीतरी बोलली, त्यांनी उत्तर दिलं. ती पुन्हा बोलली, त्यांनी पुन्हा दिलं.

"अण्णा," मी जरा मोठ्यानं म्हणालो. कानाशी टाळी वाजवावी इतक्या जवळून. ते वळले नाहीत.

फुली काढायला मी हात पुढं केला. पडद्यावर गिरिजानं माझ्याकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

माझा हात तिथंच राहिला. स्कूटरवरची माफी आठवली. जिन्यातली अदब आठवली. हेडफोन, फोन, सताड उघडं दार, आणि जे टाकायचं अण्णांना धाडस झालं नव्हतं ते. सकाळी दूधवाला येतो, पेपरवाला येतो, सोसायटीचा माणूस येतो. मिक्सर चालू असला की सगळ्यांना अण्णांच्या समोर यावं लागतं आणि तोंड उघडून मोठ्यानं बोलावं लागतं. तेवढ्या वेळेपुरतं सगळ्यांना सारखंच कमी ऐकू येतं.

गिरिजानं तान्हीला उचललं, तिच्या कानाशी गेली, मग कॅमेऱ्याकडं तोंड केलं आणि नाव घेतलं. सावकाश. मला वाचता आलं नाही. अण्णांनी वाचलं. ते उठून बाल्कनीत गेले आणि सगळ्या राजारामपुरीला ओरडून सांगितलं, "उमा! उमा ठेवलंय!"

संध्याकाळी घरी मी आरशासमोर उभा राहिलो आणि आवाज न काढता ते नाव घेऊन बघितलं. ओठ आधी गोल होतात. मग घट्ट मिटतात. मग पूर्ण उघडतात. लांबूनसुद्धा चुकणार नाही असं नाव. गिरिजानं किती नावं अशी आरशासमोर म्हणून बघितली असतील, कुणास ठाऊक.

सोमवारी सकाळी वर मिक्सर सुरू झाला. मी चहाचा कप तसाच ठेवला, जिना चढून गेलो आणि उघड्या दारात, अण्णांच्या समोर उभा राहिलो. ते पेपरवरून वर बघेपर्यंत थांबलो. मग आवाज न काढता, ओठ नीट उघडून विचारलं, "उमा उठली का?"

अण्णा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी हात लांब करून मिक्सर बंद केला.

"न्हाय अजून," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच खरोखर हळू म्हणाले. "तितं अजून रात हाय. बसा की."